पिंजरा कुठे उघडणार?

मी भोसरीतून बोलतेय. आमच्या भागातल्या बचत गटांच्या समन्वयाचं काम मी गेली काही वर्षं करते, त्यामुळे तुमच्यातल्या काही जणींना माझा आवाज ओळखीचा असेल. एरवी मी कर्जाचे हप्ते, हिशोबाच्या वह्या, बँकेच्या फेऱ्या यांवर बोलते. आज माकडांविषयी बोलणार आहे. हसू नका. बोलत बोलत मी गटाच्या पैशापर्यंतच येणार आहे.

माझं माहेर आंबेगाव तालुक्यात, भीमाशंकरच्या डोंगराकडच्या बाजूला. गावाचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात आमची सगळ्यांचीच चूक आहे. गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर माझ्या वहिनीचा फोन आला. ती तिथल्या गटाची सचिव आहे. म्हणाली, "ताई, माकडांनी जीव नकोसा केलाय. मका गेला, भुईमूग उपटून खाल्ला, परवा तर घरात शिरून भाकरीची दुरडी पळवली. गावाने वर्गणी काढायची ठरवलीय. एक माणूस येतो, पिंजरा लावतो, माकडं धरून घेऊन जातो. प्रत्येक गटाने दीड हजार द्यायचे आहेत. देऊ का?"

मी क्षणभरही विचार केला नाही. म्हटलं, "द्या. ठराव वहीत लिहून घ्या, म्हणजे झालं."

दोन रात्रींत टेम्पो भरून माकडं गेली. सोळा-सतरा असतील. गावात पेढे वाटायचे तेवढे बाकी राहिले. एक पिल्लू मात्र मागे राहिलं होतं. ते उंबरावर बसून दोन दिवस ओरडत होतं. माझी आई फोनवर म्हणाली, "अगं पोरी, मला रात्री झोप नाही. लेकरू आईला हाका मारतंय, दुसरं काय." तिसऱ्या दिवशी ते दिसेनासं झालं.

महिन्याभरात आमच्या भोसरीच्या गटाच्या बैठकीत एक जण सांगायला लागली. ती एमआयडीसीत रबराचे वॉशर निवडायचं काम करते, माहेर जुन्नरकडचं. म्हणाली, "आमच्याकडे कुठून माकडांची टोळी आली कळत नाही. आधी होती ती माणसाला बघून पळायची. ही नवी आहेत ती थेट घरात शिरतात, डबे उघडतात." मी गप्प बसले. ती आमचीच माकडं होती असं मी शपथेवर सांगू शकत नाही. पण त्या टेम्पोचा पिंजरा कुठे उघडणार, हे आमच्यापैकी एकीनेही विचारलं नव्हतं. वनखात्याची परवानगी आहे का, हेही विचारलं नव्हतं. आणि उन्हाळा लागायच्या आत माहेरच्या रिकाम्या झालेल्या रानात दुसरी टोळी येऊन बसली. आमचे दीड हजार गेले, जुन्नरच्या बाईचं पीक गेलं, आणि माकडं दोन्हीकडे आहेत.

तेव्हापासून मला हा विषय सोडवेना. मी बी.ए. आहे, विज्ञानाशी संबंध दहावीपर्यंतच. पण ओळखीच्या एका प्राणिशास्त्राच्या बाईंकडे जाऊन बसले, वाचत गेले. जे कळलं ते आज तुम्हाला सांगते.

पहिल्यांदा ओळख करून घेऊ. आपण सरसकट माकड म्हणतो, पण आपल्या महाराष्ट्रात तीन तऱ्हेची मंडळी दिसतात. काळ्या तोंडाचं, करड्या अंगाचं, लांब शेपटीचं ते वानर. त्याला हनुमान लंगूर म्हणतात. ते पाला, कोवळी पानं, फळं, शेंगा खातं. दुसरं आपलं नेहमीचं माकड, जे सिंहगडावर, लोणावळ्याच्या घाटात, महाबळेश्वराला दिसतं. तोंड गुलाबी-लालसर, शेपूट अंगापेक्षाही लांब, आणि डोक्यावर मधोमध भांग पाडून केसांची टोपी घातल्यासारखं. इंग्रजीत याला बॉनेट मकाक म्हणतात, बॉनेट म्हणजे टोपी. आपण त्याला टोपीवालं माकड म्हणू. तिसरं ऱ्हीसस माकड. हे मूळचं उत्तरेकडचं. आपल्या राज्यात सातपुड्याकडे, पेंच-मेळघाटाच्या बाजूला दिसतं. याची शेपूट आखूड, अंगाच्या निम्मी, आणि मागची बाजू तांबूस. म्हणजे ओळखायची सोपी खूण शेपूट. लांब शेपटीचं ते आपलं, आखूड शेपटीचं ते उत्तरेचं.

ऱ्हीसस हे नाव तुम्ही वेगळ्या वाटेने ऐकलेलं आहे. गरोदरपणात रक्तगट तपासतात, कार्डावर पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह लिहितात. त्याला डॉक्टर आरएच म्हणतात. हे आरएच म्हणजे ऱ्हीससची पहिली अक्षरं. १९४० साली लँडस्टायनर आणि वीनर या शास्त्रज्ञांनी या माकडाच्या रक्तावर प्रयोग करताना हा प्रकार शोधला, म्हणून ते नाव पडलं. आपल्या बाळंतपणाच्या कागदावर माकडाचं नाव आहे, हे मला दोन लेकरं झाल्यावर कळलं.

आता मुख्य गोष्ट. माकडांच्या टोळीत सासरी कोण जातं?

आपल्याकडे मुलगी जाते. मी आंबेगावची, भोसरीत आले. माझी आई खेड तालुक्यातली, ती आंबेगावात आली. तिची आई आणखी तिसऱ्याच गावची. माकडांत उलटं असतं. ऱ्हीसस असो नाहीतर टोपीवालं, मादी जन्मली त्याच टोळीत राहते, तिथेच मोठी होते, तिथेच म्हातारी होते. तिच्या बाजूला तिची आई, आजी, बहिणी, मावश्या, भाच्या. नर वयात आला की बहुतेक वेळा टोळी सोडून दुसरीकडे जातो. म्हणजे टोळी ही एका ठिकाणी पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या मायलेकींची असते, आणि नर येतात-जातात. टोळी फार मोठी झाली की फुटते. आपल्या गटात वीसच्या वर बाया झाल्या की आपण दुसरा गट काढतो ना, तसंच. फुटतानाही माकडिणी बहुतेक आई-लेकी-बहिणी मिळूनच एका बाजूला जातात. त्यामुळे शेजारच्या डोंगरावरची टोळी ही पुष्कळदा चुलत-मावस बहिणींची निघते.

हे नुसतं बघून कळलं, पण पक्कं झालं ते डीएनएवरून. डीएनए म्हणजे आपल्या पेशीपेशीत असलेली, आईबापांकडून आलेली लिहिलेली वही. नाक कुणासारखं, रंग कुणासारखा, हे त्यात लिहिलेलं असतं. ही मोठी वही निम्मी आईकडून येते आणि निम्मी बापाकडून. पण पेशीत आणखी एक छोटी वही असते. पेशीला ताकद पुरवणारी बारीक बारीक केंद्रं असतात, त्यांना मायटोकॉन्ड्रिया म्हणतात. नाव अवघड आहे, आपण पेशीची चूल म्हणू. या चुलीची स्वतःची छोटी वही असते, आणि ती फक्त आईकडून येते. मुलाला मिळते, मुलीला मिळते, पण पुढे देते ती फक्त मुलगी. मुलाकडे आली की तिथेच थांबते.

म्हणजे माझ्यात जी छोटी वही आहे ती माझ्या आईची, तिच्या आईची, तिच्या आईच्या आईची. या बायांची आडनावं लग्नात बदलली. सातबाऱ्यावर त्यांची नावं नाहीत. माझ्या पणजीचं माहेरचं नाव आज घरात कुणालाच सांगता येत नाही. पण तिची वही माझ्यात जशीच्या तशी आहे, आणि माझ्या लेकीतही आहे. हे मला कळलं त्या दिवशी मी आईला फोन करून पणजीचं नाव विचारलं. आईलाही आठवलं नाही. २०२४ पासून आपल्या राज्यात बाळाच्या नावापुढे आईचं नाव लावायचा नियम झाला, तेव्हा मला ही पणजी आठवली. कागदावर आपण आत्ता लावायला लागलो, शरीरात ते कायमच होतं.

शास्त्रज्ञांनी या दोन वह्या माकडांत तपासल्या. १९९२ साली मेलनिक आणि होल्झर या दोघांनी याबद्दल लिहिलं. त्यांनी ऱ्हीसस आणि त्याच्या भाऊबंद माकडांत पाहिलं, की एका ठिकाणच्या टोळ्यांत आईची वही जवळजवळ एकसारखी असते आणि लांबच्या ठिकाणी गेलं की ती बरीच वेगळी असते. पण आईबाप दोघांकडून येणारी मोठी वही पाहिली तर इकडची आणि तिकडची माकडं पुष्कळ मिसळलेली. का? कारण नर हिंडतात आणि मोठी वही सगळीकडे पसरवतात. माद्या जागच्या हलत नाहीत, म्हणून आईची वही त्या त्या रानाला चिकटून राहते.

माणसांतही असं तपासलं आहे. थायलंडच्या उत्तरेकडे डोंगरात काही जमातींत नवरा बायकोच्या घरी राहायला जातो आणि काहींत आपल्यासारखी बायको नवऱ्याच्या घरी जाते. २००१ साली त्यांच्या डीएनएचा अभ्यास झाला. जिथे मुली सासरी जातात तिथे एकाच गावात आईच्या वह्या तऱ्हेतऱ्हेच्या सापडल्या, कारण बाया चार दिशांनी आलेल्या. जिथे मुली घरीच राहतात तिथे त्या वह्या कमी तऱ्हांच्या, जास्त सारख्या. आपल्या गटाच्या बैठकीत पंधरा जणींना माहेर विचारा, पंधरा गावं निघतील. तसंच ते.

तुम्ही म्हणाल, रानातल्या माकडाचं रक्त काढायचं कसं? त्याची बहुतेक गरजच पडत नाही. माकड विष्ठा टाकून जातं, त्यात त्याच्या आतड्याच्या पेशी असतात. ती ताजी विष्ठा डबीत भरून प्रयोगशाळेत नेली की डीएनए मिळतो. माकडाला हातही लावावा लागत नाही. आपल्या देशात हैदराबादच्या सीसीएमबीमध्ये आणि बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत माकडा-वानरांच्या डीएनएवर काम चालतं. वानरांचं उदाहरण सांगते. आपण देशभरच्या वानरांना एकच हनुमान लंगूर समजत होतो. डीएनए तपासल्यावर आणि अंगाची ठेवण नीट पाहिल्यावर, ती सगळी एक जात धरता येत नाहीत, वेगवेगळ्या जाती आहेत, असं अभ्यासक म्हणू लागले. दुसरं उदाहरण सिंहाच्या आयाळीसारखे केस असलेल्या सिंहपुच्छ माकडाचं. ते सह्याद्रीच्या दक्षिण भागात, कर्नाटक, केरळ, तमिळनाडूत राहतं. तिथे पालघाट नावाची मोठी खिंड आहे, आपलं पालघर नव्हे. खिंडीच्या उत्तरेची आणि दक्षिणेची माकडं दिसायला सारखी, पण त्यांच्या आईच्या वह्या निराळ्या निघाल्या. मध्ये सलग झाडी नाही, म्हणून तिकडच्या लेकी इकडे आल्याच नाहीत.

आणखी एक गोष्ट सांगते, ती भारतातल्याच माकडांची आहे. १९३८ साली कार्पेंटर नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने भारतातून चारशेच्या वर ऱ्हीसस माकडं जहाजाने नेली आणि पोर्तो रिकोजवळच्या कायो सांतियागो नावाच्या बेटावर सोडली. बेट किती मोठं? जेमतेम ३८ एकर. आज तिथे जी माकडं आहेत ती सगळी त्या भारतीय माकडांची पोरं-नातवंडं. पन्नासच्या दशकापासून तिथे प्रत्येक माकडाची नोंद ठेवतात. कोण कुणाची आई हे बघून लिहिता येतं, बाप कोण हे मात्र डीएनए तपासल्यावरच कळतं. त्या अभ्यासातून दिसलं की माकडिणीचा मान तिच्या आईवरून ठरतो. आई मानाची तर लेकी मानाच्या. आणि बहिणींत धाकटी थोरलीच्या वर! मी हे आमच्या बैठकीत सांगितलं तेव्हा सगळ्या धाकट्या सुना खूश झाल्या.

त्या काळी भारतातून माकडं परदेशी पाठवायचा मोठा धंदा होता. औषधांच्या आणि पोलिओच्या लशीच्या कामासाठी ती वर्षाला हजारोंनी जायची. १९७८ साली भारताने ही निर्यात बंद केली.

आता आपल्या पिंजऱ्याकडे परत येते. हे सगळं कळल्यावर आमच्या गावाने काय केलं ते मला नीट दिसलं. आम्हाला वाटलं आम्ही सोळा-सतरा चोर पकडून दिले. खरं तर आम्ही एका रानाच्या मायलेकींचं अख्खं घराणं उचललं आणि अनोळखी जागी टाकलं. त्या माकडिणींना तिथलं पाणी कुठे, उंबर कधी पिकतो, कुत्री कुठली, काही माहीत नाही. त्यांना एवढंच माहीत, की माणसाच्या घरात डबा असतो. मग त्या जुन्नरच्या बाईच्या घरात शिरल्या तर नवल काय? आणि आमच्या रानात उंबर होता, पाणी होतं, मका होता. जागा रिकामी झाली, शेजारची टोळी पसरली. खाणं तिथेच ठेवून खाणारे हलवले, तर दुसरे खाणारे येणारच.

यात आणखी मोठा धोका आहे. टोपीवालं माकड जगात फक्त आपल्या दक्षिण भारताच्या पठारावर आणि घाटांत आहे, दुसरीकडे कुठेच नाही. जुन्या पुस्तकांत लिहिलेलं असतं, पश्चिमेला तापी आणि पूर्वेला गोदावरी ही साधारण हद्द. त्याच्या दक्षिणेला टोपीवालं, उत्तरेला ऱ्हीसस. २०११ साली भारतीय शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की ऱ्हीसस माकडं ही हद्द ओलांडून दक्षिणेकडे सरकली आहेत, आणि ती जिथे पोचतात तिथून टोपीवाली हटतात. ऱ्हीसस अंगाने दांडगं आणि माणसांच्या वस्तीत बिनधास्त राहणारं. ती काही ठिकाणी आपल्या पायाने आली. पण काही ठिकाणी माणसानेच आणून सोडली. एका शहराने त्रास होतो म्हणून पकडली, टेम्पोत घातली, लांब कुठेतरी उघडली. पकडणाऱ्याने शेपूट आखूड की लांब हे बघितलंच नाही.

एकाच रानात दोन जाती आल्या की सरमिसळही होऊ शकते. थायलंडच्या बाजूला ऱ्हीसस आणि तिकडचं लांब शेपटीचं माकड यांची अशी सरमिसळ झालेली डीएनएवरून दिसली आहे. ती तिथे निसर्गाने, हजारो वर्षांत झाली. आपण मात्र एका रात्रीत टेम्पोने करतो.

टोपीवाल्या माकडांची संख्याही आपल्याला वाटते तशी वाढती नाही. घाटात गाडी थांबली की चाळीस माकडं गोळा होतात, म्हणून आपल्याला वाटतं रग्गड आहेत. कर्नाटकात म्हैसूरच्या भागात रस्त्याकडेच्या टोळ्या वर्षानुवर्षं मोजल्या. पंचवीस वर्षांत त्या निम्म्याहून कमी झाल्या. मोठं कारण काय, तर रस्ते रुंद करताना कडेचे वड-पिंपळ तोडले, आणि गावोगावी माकडं पकडून हलवली. आमच्या पुणे-नाशिक रस्त्याच्या कडेचीही जुनी झाडं रुंदीकरणात गेली. आम्ही त्या रस्त्यानेच माहेरी जातो. पूर्वी एसटीतून सावलीच सावली दिसायची. त्या वडांवर राहणारे कुठे गेले, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. मग ते माझ्या वहिनीच्या मक्यात आले.

आणि टोळ्या तुटक तुटक झाल्या की घरातल्या घरात पैदास होते. हे तुम्हाला सांगायला शास्त्रज्ञ नको. एकाच कोंबड्याची पिलं पिढ्यान् पिढ्या त्याच खुराड्यात वाढवली तर कोंबड्या नाजूक होतात, मरतुक वाढते, हे आपण बघतो. म्हणून आपण बाजारातून दुसरा कोंबडा आणतो. माकडांत बाहेरून नर येतो तो याच कामाचा. पण मध्ये चार पदरी रस्ता, कंपन्यांच्या भिंती आणि प्लॉटिंग झालं, झाडांची ओळ तुटली, तर तो नर येणार कुठून?

आता तुम्ही म्हणाल, ताई, तुला भोसरीत बसून बोलायला काय जातं, आमचं पीक जातंय त्याचं काय? बरोबर आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गातले बागायतदार नारळ, काजू, आंब्यासाठी रडतायत, ते खोटं रडत नाहीत. माझ्या वहिनीचा मका खरोखरच गेला. माकडांची पूजा करा आणि उपाशी राहा, असं मी सांगणार नाही. पण पैसे द्यायचे तर विचारून द्यावेत. तर आमच्या भोसरीच्या आणि माहेरच्या अशा दोन्ही गटांनी मिळून पाच गोष्टी ठरवल्या, त्या सांगते.

पहिली. माकडं पकडायला गटाचा पैसा द्यायचा नाही, जोवर वनखात्याची लेखी परवानगी हातात दिसत नाही आणि पिंजरा कुठे उघडणार हे लिहून मिळत नाही. परवानगीशिवाय टोपीवाली माकडं आणि वानरं धरणं कायद्यात बसत नाही, उद्या ठराव आपल्याच वहीत सापडेल. हिमाचल प्रदेशात सरकार माकडांची नसबंदी करून त्यांना परत त्यांच्याच जागी सोडतं. करायचं तर तसं काहीतरी खात्याकडून मागावं, चोरून टेम्पो नको.

दुसरी. पिकाचं नुकसान झालं तर त्याच दिवशी मोबाईलवर फोटो काढायचे आणि लगेच जवळच्या वनखात्याच्या कचेरीत अर्ज द्यायचा. पंचनामा होईपर्यंत शेत साफ करायचं नाही. अर्ज लिहायला अडचण येते, म्हणून गटातल्या शिकलेल्या दोघींनी ते काम अंगावर घेतलं आहे. सातबाऱ्यावर नाव लागतं, आणि तिथेच आपलं घोडं अडतं. धाराशिव जिल्ह्यातल्या उपळा गावात बत्तीस एकर जमीन माकडांच्या नावावर आहे, २०२२ साली ती बातमी सगळीकडे आली होती. मी ती वाचून दाखवली तेव्हा आमच्या एक मावशी म्हणाल्या, "बघा, माकडाचं लागलं, आमचं कधी लागायचं?" त्यावर लक्ष्मी मुक्ती योजनेची माहिती मी पुढच्या भाषणात देईन.

तिसरी. खायला घालणं बंद. भीमाशंकरला सहलीला गेलो की केळी, बिस्किटं, वेफर आपणच टाकतो आणि पुण्य मिळालं म्हणतो. त्या माकडाला कळतं की माणूस म्हणजे खाणं. ते आपल्या पदरातलं ओढतं, मग आपण दगड मारतो. आमच्या गटाने यंदाच्या सहलीला एकही केळ टाकलं नाही. सुरुवातीला दोघी रुसल्या, मग समजल्या.

चौथी. राखण पाळीने करायची. एकीच्या एकटीच्या रानात राखण होत नाही, पण चार शेतं लागून असली तर दिवस वाटून घेता येतात. रानाच्या कडेच्या पट्ट्यात हळद, आलं, मिरची लावून बघायची. माकडं त्याला सहसा कमी हात लावतात. आणि गायरानात, ओढ्याकाठी वड, उंबर, जांभूळ लावायचं. आज लावलेला उंबर यंदा मका वाचवणार नाही, हे मला माहीत आहे. पण रस्त्याने तोडलेली झाडं कुणीतरी परत लावायला हवीत.

पाचवी अगदी सोपी. गावात माकड दिसलं की शेपूट बघायची आणि वहीत तारीख घालून लिहायचं, लांब की आखूड. घाटाच्या भागात आखूड शेपटीची टोळी अचानक उतरली, तर ती बहुतेक कुणीतरी आणून सोडलेली. ती नोंद वनखात्याला दाखवता येते. आमच्या माहेरच्या गटाने यासाठी हिशोबाच्या वहीचं शेवटचं पान ठेवलं आहे.

जुन्नरची ती मैत्रीण अजून आमच्या गटात आहे. मी तिला सगळं सांगितलं. टेम्पो, दीड हजार, माझं "द्या" म्हणणं. थोडा वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, "ताई, तुमच्या वहिनीच्या जागी मी असते तर मीही दिले असते. पण निदान एकमेकींना फोन तरी करायचा." तिच्या आईच्या गावच्या गटाचा नंबर वहिनीने घेतला आहे. आता दोन्ही गावांत माकडांविषयी काही ठरलं तर आधी फोन होतो.

तर पुढच्या बैठकीत हा विषय काढा. दोन प्रश्न विचारा. आपल्या गावाने कधी माकडं धरून दिली होती का, आणि ती कुठे गेली? दुसरा प्रश्न माकडांचा नाही. प्रत्येकीने आपल्या आईच्या आईचं, तिच्याही आईचं माहेरचं नाव आठवून बघायचं. घरी म्हातारी माणसं आहेत तोवर विचारून वहीत लिहून ठेवा. मी माझ्या मावशीला विचारलं, तिला आठवलं. पणजीचं नाव होतं ठकूबाई.